निर्वैर मनाचा विसावा

नाताळ जवळ आला की कागदी चांदण्यांचे कंदील, गव्हाणीतील बालयेशू आणि शेजारच्या ख्रिस्ती घरातून येणारे फराळाचे ताट, एवढ्यावर आपली त्या सणाशी असलेली ओळख बहुधा संपते. ज्या श्रद्धेतून तो सण उपजला, ती रोजच्या जगण्यात कशी आचरली जाते, याची विचारपूस आपण क्वचितच करतो. आज आम्ही तिच्या दोन अंगांविषयी लिहीत आहोत. एक, द्वेषाला न जुमानता ठाम उभे राहणे, आणि दुसरे, विश्रांती घेणे. पहिल्याला धर्म म्हणण्यास कोणाचीच हरकत नसावी. दुसरे मात्र पुष्कळांना आळसाचे सोज्ज्वळ नाव वाटेल. ही दोन्ही अंगे एकाच आयुष्यात नांदलेली पाहावयाची तर अमेरिकेतील कृष्णवर्णीय धर्मोपदेशक हॉवर्ड थर्मन यांच्या चरित्राकडे वळावे लागते.

थर्मन यांचा जन्म १८९९ सालचा. बालपण फ्लोरिडातील डेटोना गावी, आजीच्या छायेत गेले. या आजीने गुलामगिरी स्वतः भोगली होती. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून नातू तिला बायबल वाचून दाखवी. पण संत पौलाची पत्रे मात्र ती वाचू देत नसे. प्रेमाची थोरवी सांगणारा एक अध्याय तेवढा त्याला अपवाद होता. कारण विचारता तिने सांगितले, की मालकाने आणलेला गोरा उपदेशक त्याच पत्रांच्या आधारे, गुलामांनी धन्याची आज्ञा पाळावी, असे बजावीत असे. याउलट वर्षाकाठी एखाद्या वेळी गुलामांपैकीच एक उपदेशक येई आणि, तुम्ही गुलाम नसून देवाची लेकरे आहात, असे त्यांना सांगे. धर्मग्रंथ एकच; पण त्यातून बेडीही घडविता येते आणि ती तोडण्याचे बळही मिळविता येते. हा अनुभव केवळ ख्रिस्ती समाजाचाच आहे असे नव्हे. ज्यांच्या कानी चोखोबांचे अभंग पडले आहेत, त्यांना तो निराळा समजावून सांगावयास नको.

१९३५ साली थर्मन आपल्या पत्नीसह व दोन सहकाऱ्यांसह हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोनच्या यात्रेस निघाले. कोलंबो येथे कायद्याच्या महाविद्यालयात त्यांचे व्याख्यान झाले. त्यानंतर एका हिंदू गृहस्थांनी त्यांना सरळच विचारले, की ज्या धर्माच्या लोकांनी तुमच्या पूर्वजांना गुलाम केले, त्याच धर्माचे प्रतिनिधी म्हणून तुम्ही येथे कसे आलात? प्रश्न बोचरा होता, पण थर्मन यांनी तो टाळला नाही. फेब्रुवारी १९३६ मध्ये बारडोली येथे त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. गांधीजींनीच त्यांच्यावर प्रश्नांची सरबत्ती केली आणि निरोपापूर्वी ख्रिस्ताच्या क्रूसारोहणावरील कृष्णवर्णीयांचे एक भक्तिगीत गावयास सांगितले.

कोलंबोच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर १९४९ साली त्यांच्या ग्रंथातून प्रकटले. येशू हा स्वतः रोमन सत्तेखाली चिरडलेल्या समाजातील एक गरीब यहुदी होता. त्याची शिकवण ज्यांची पाठ भिंतीला टेकली आहे त्यांच्यासाठी आहे, असा त्या ग्रंथाचा आशय. द्वेषाविषयीचे त्यातील विवेचन आम्हास विशेष मोलाचे वाटते. पिचलेल्या माणसाला द्वेष प्रथम बळ देतो, त्याची मान ताठ करतो, हे थर्मन मोकळेपणाने मान्य करतात. पण पुढे तोच द्वेष, ज्याच्या अंतरी वसतो, त्याचेच अंतःकरण पोखरून टाकतो. गीतेतील ‘निर्वैर’ हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. मात्र तो उच्चारणे सोपे, आणि ज्याच्या आजीला धन्याच्या घरी राबावे लागले त्याने तो जगणे निराळे.

आता विसाव्याविषयी. यहुदी व ख्रिस्ती धर्मांतील दहा आज्ञांपैकी एक आज्ञा सातव्या दिवशी काम थांबविण्याची आहे. ती धन्यापुरती नाही. दास, दासी, गुरेढोरे आणि दारी आलेला परका, सर्वांना त्या दिवशी विश्रांती द्यावी, असे ती स्पष्ट सांगते. बायबलात एके ठिकाणी याचे कारणही दिले आहे: तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता, हे विसरू नका! वर्षातून एकदा बैलाच्या मानेवरचे जू उतरवून त्याला पुरणपोळीचा घास देणाऱ्या आपल्या समाजाला यातील मर्म सहज उमगावे. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवारची सुटी मागितली, तेव्हा तो खंडोबाचा वार असल्याचे कारणही पुढे केले होते. १८९० साली ती सुटी मिळाली. ज्याच्यावर दुसऱ्याची मालकी असते त्याला थांबण्याचा अधिकार नसतो. म्हणूनच गुलामांच्या वंशजाने थांबणे ही साधी गोष्ट नव्हे.

स्वतः थर्मन लहानपणी अंगणातील ओक वृक्षाला पाठ टेकून तासन् तास स्वस्थ बसत. ती सवय पुढे त्यांच्या उपासनेत उतरली. १९४४ साली सॅन फ्रान्सिस्को येथे सर्व वर्णांच्या लोकांसाठी त्यांनी एका गोऱ्या सहकाऱ्यासह जे प्रार्थनामंदिर उभारले, तेथे प्रवचनाइतकेच मौनालाही स्थान होते. चळवळीच्या ऐन धामधुमीत ते मोर्चांच्या अग्रभागी दिसत नसत. यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. आमच्या मते ती टीका उतावीळ होती.

कारण २० सप्टेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या छातीत एका मनोरुग्ण स्त्रीने पाते खुपसले. ते महारोहिणीला इतके भिडले होते की एक शिंकही जीवघेणी ठरली असती. किंग यांनी रुग्णालयातूनच, आपल्या मनात त्या स्त्रीविषयी आकस नाही, तिच्यावर उपचार व्हावेत, असे निवेदन केले. थर्मन त्यांना भेटावयास गेले. डॉक्टरांनी किती दिवस विश्रांती सांगितली आहे, एवढे त्यांनी विचारले, आणि तीत आणखी दोन आठवड्यांची भर घालण्याचा आग्रह धरला. चळवळ आता स्वतःच्या गतीने धावू लागली आहे. तिच्यापासून क्षणभर दूर होऊन, आपले तिच्याशी नाते काय, हे पाहावयाचे तर शरीराला व मनाला उसंत हवी, असे त्यांचे म्हणणे होते.

किंग यांनी तो सल्ला मानला. लांबणीवर पडलेला हिंदुस्थानचा प्रवास त्यांनी फेब्रुवारी १९५९ मध्ये पत्नीसह केला. गांधीजी तोवर हयात नव्हते. परंतु मुंबईत त्यांचा मुक्काम मणिभवनात झाला. ज्या घरात गांधीजींनी चरखा कातला, तेथेच ते राहिले.