मनोरा किती उंच असावा?

बिनतारी संदेशांचा छंद कोलकात्यात जुना आहे. १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी ‘२ जेके’ या संकेतनामाने येथून संदेश पाठविले; भारतातील पहिले हौशी बिनतारी संदेशक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्याच शहरातून लंडनच्या हौशी माणसाशी बोलावयाचे, तर एरियल किती उंच उभारावे? “जितके उंच तितके चांगले” हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे.

लघुतरंग सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरील आयनांबराच्या थरातून वळून जमिनीवर येतात, पुन्हा उसळतात आणि उड्या घेत दूर जातात. (याच आयनांबराचा खालचा थर १९३० च्या सुमारास कोलकाता विद्यापीठाच्या शिशिरकुमार मित्र यांनी प्रयोगाने तपासला होता.) प्रत्येक उडीत शक्ती खर्ची पडते. म्हणून उड्या थोड्या आणि लांब हव्यात. त्यासाठी तरंग क्षितिजाशी लहान कोन करून निघाला पाहिजे.

हा कोन मनोऱ्याची उंची ठरविते. आडव्या एरियलपासून एक किरण थेट जातो, दुसरा जमिनीवर आपटून वर येतो. आपटताना त्याच्या शिखराची दरी होते व दरीचे शिखर. त्याला जे अधिक अंतर कापावे लागते ते अर्ध्या तरंगलांबीएवढे भरले, की दोन्ही किरणांची शिखरे जुळतात आणि त्या दिशेने तरंग जोमदार होतो.

१४ मेगाहर्ट्‌झच्या तरंगाची लांबी सुमारे २१ मीटर असते. एरियल साडेदहा मीटरांवर असल्यास हा जोर ३० अंशांवर येतो. उडी पडते अवघी नऊशे किलोमीटरांची. २१ मीटरांवर कोन साडेचौदा अंश होतो आणि उडी साडेसतराशेपर्यंत जाते. लंडन सुमारे ८,००० किलोमीटर दूर आहे. म्हणजे नऊ उड्यांच्या जागी पाच पुरतात. मग ४२ मीटर का नकोत? कोन सात अंशांवर येतो खरा, पण वाचते ती एकच उडी, आणि साडेचौदा अंशांच्या आसपास दोन्ही किरण परस्परांना मारतात. आयनांबर तर ऋतूप्रमाणे व प्रहराप्रमाणे कोन बदलीत असते. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. कालवैशाखीच्या वावटळी आणि २० मे २०२० चे अम्फान वादळ पाहिलेल्या शहरात एवढ्या लाभासाठी दुप्पट मनोरा उभारणे शहाणपणाचे नव्हे.

ही उंची गच्चीपासून नव्हे, जमिनीपासून मोजावी. कारण साडेचौदा अंशांचा किरण आपटतो तो पायथ्याशी नव्हे, सुमारे ८० मीटर दूर. शेजारची छपरे हिशेब थोडा बिघडवितात, तरी चार मजल्यांच्या घरावर आठ-नऊ मीटरांचा खांब बहुधा पुरतो. बंगालची भूमी सपाट असल्याने हे गणित तेथे चांगले लागू पडते. सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र डोंगराचा उतारच मनोऱ्याचे बरेचसे काम करतो.

गंगासागरच्या यात्रेत हरवलेल्यांना घरी पोहोचविण्यासाठी बंगालचे हौशी संदेशक झटतात, तेथे गरज उलटी असते. कोलकाता तेथून जेमतेम शंभर किलोमीटर. तरंग जवळजवळ सरळ वर जाऊन खाली यावा लागतो, आणि त्यासाठी दिवसा ७ मेगाहर्ट्‌झवर सहा-सात मीटर उंचीची, दोन बांबूंना बांधलेली तार उंच मनोऱ्याहून सरस ठरते.