सोफ्यापासून भिंतीपर्यंत

घरातली यंत्रं : भाग ७

मागच्या भागात पॅनेलचे प्रकार झाले. आज खोक्यावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत जे छापलेलं असतं तिकडे वळू : फोर-के, आणि आता जोडीला एट-के.

आधी आकडे उरकून घेऊ. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे जवळपास २१ लाख पिक्सेल असतात. फोर-केवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८३ लाख. एट-केवर ३ कोटी ३२ लाख. दुकानदार इथेच थांबतो. आपल्या डोळ्याला त्यातलं किती दिसतं, हे सांगण्यात त्याला रस नसतो.

चांगली नजर असलेला माणूस एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या अंतरावरचे दोन ठिपके वेगळे ओळखू शकतो. डोळ्यांच्या दवाखान्यातला ६/६ चा तक्ता याच मापावर बेतलेला आहे. आता ५५ इंची टीव्ही घ्या. फुल एचडीचा एक पिक्सेल तिथे साधारण ०.६३ मिलिमीटरचा होतो. सात फुटांपलीकडून पाहिलं की शेजारचे पिक्सेल डोळ्यात एकमेकांत मिसळतात. तिथून पुढे त्याच पडद्यावर ८३ लाख ठिपके असले काय आणि २१ लाख असले काय, सारखंच. फोर-केचा कण न् कण पाहायचा तर साडेतीन फुटांवर बसावं लागेल. ४३ इंचीला फरक दिसण्याची हद्द साडेपाच फुटांवर संपते, ६५ इंचीला साडेआठ फुटांवर. ही काही लक्ष्मणरेषा नव्हे, ६/६ पेक्षा तीक्ष्ण नजरेची माणसंही असतात. पण चाळिशीनंतर चष्मा शोधत फिरणाऱ्यांनी हद्द अलीकडेच धरावी.

म्हणून दुकानात जाण्याआधी टेप काढा. दहा फूट रुंदीच्या हॉलमध्ये सोफा एका भिंतीला आणि टीव्ही समोरच्या भिंतीवर असला, तर डोळ्यापासून पडद्यापर्यंत जेमतेम साडेसात फूट उरतात. तिथे ४३ इंची फोर-के घेतलात तर फोर-के म्हणून हाती काहीच लागत नाही. ६५ इंची घेतलात तर थोडं लागतं. ‘एवढ्याशा घरात एवढा मोठा टीव्ही कशाला,’ हे ज्येष्ठांचं म्हणणं जुन्या, जाड ठिपक्यांच्या टीव्हीला लागू होतं. आता हिशेब उलटा आहे.

पण टीव्ही कितीही बारीक विणीचा असला तरी त्यात येतं काय? खरी मेख इथे आहे. केबलच्या किंवा डिशच्या साध्या पॅकमधलं मराठी चॅनेल बहुधा एसडीच असतं, ७२० गुणिले ५७६. ८३ लाखांना या ठिपक्यांनी भागलं तर उत्तर बरोबर २० येतं. म्हणजे संध्याकाळची मालिका फोर-केवर लावलीत की वीस ठिपक्यांमागे एका ठिपक्यापुरतीच माहिती बाहेरून आलेली असते, बाकीचं टीव्हीतल्या चिपने आजूबाजूला बघून अंदाजाने भरलेलं. चांगली चिप हे काम सफाईने करते. स्वस्त चिप चेहऱ्यांना मेणचट करते. तपासायचं असेल तर बातम्यांच्या चॅनेलवर खाली सरकणारी पट्टी पाहा. शिरोरेषा थरथरतात, ‘नांदेड’वरचा अनुस्वार विरघळून जातो. त्याच चॅनेलची एचडी आवृत्ती असेल तर ती लावा. महिन्याला थोडे रुपये जास्त जातात, पण चित्रात पडणारा फरक टीव्ही बदलल्यापेक्षा मोठा असतो.

खरं फोर-के येतं ते इंटरनेटवरून. यूट्यूबवर ते फुकट आहे. नेटफ्लिक्सवर सर्वांत महागडा प्लॅन घ्यावा लागतो, १५ एमबीपीएसचा वेग लागतो आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. अडीच तासांच्या सिनेमाला सतरा-अठरा जीबी. घरात फायबर असेल तर प्रश्न नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र हा नाद करू नये.

इथे एक गंमत आहे. पस्तीस मिलिमीटरच्या चांगल्या निगेटिव्हमध्ये फोर-केला पुरेल इतका तपशील असतो. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने श्याम बेनेगल यांचा १९७६ चा ‘मंथन’ फोर-केमध्ये दुरुस्त केला आणि तो २०२४ मध्ये कानच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. उलट २००० नंतरच्या कितीतरी चित्रपटांचं शेवटचं काम टू-केमध्येच झालं. त्यांच्या ‘फोर-के’ आवृत्त्या फुगवलेल्या आहेत. तेव्हा जुने सिनेमे पाहणाऱ्यांनी फोर-केला नाक मुरडू नये.

मग घ्यायचा की नाही? पन्नास इंचांच्या वर फुल एचडी टीव्ही आता शोधूनही मिळत नाही, त्यामुळे फोर-के तसाही गळ्यात पडणारच. प्रश्न जादा पैसे कशासाठी मोजायचे एवढाच. माझं मत : पिक्सेलसाठी नकोत, उजेडासाठी मोजा. खोक्यावर ‘एचडीआर’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ टीव्ही तो सिग्नल स्वीकारतो एवढाच. एचडीआर सिनेमे बहुधा १००० निट उजेड गृहीत धरून तयार होतात आणि स्वस्त पॅनेल तीनशेच्या आसपास दमतं. त्यामुळे लोकल डिमिंग (पडद्याच्या एकेका भागातला उजेड वेगवेगळा कमी-जास्त करण्याची सोय) आहे का आणि निट किती, हे दोन प्रश्न विचाराच. सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. वाचलेले पैसे इथे घाला.

एट-के नको. जपानच्या एनएचकेने १ डिसेंबर २०१८ ला एट-के वाहिनी सुरू केली, आपल्याकडे तसं काहीच नाही. शिवाय ६५ इंची एट-केचा कण न् कण पाहायला पडद्यापासून दोन फुटांवर बसावं लागेल. जेवणाचं ताट घेऊन तिथे कोण बसणार!

दुकानात सगळे टीव्ही झगझगीत ‘व्हिव्हिड’ मोडवर असतात आणि त्यांवर कंपनीने खास चित्रित केलेली फुलं आणि पोपट फिरत असतात. त्यावर जाऊ नका. मोड बदलून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ लावायला सांगा, घरी मोजलेल्या अंतरावर जाऊन उभे राहा आणि सेट टॉप बॉक्सवरचं एखादं साधं मराठी चॅनेल दाखवायला सांगा. सेल्समन कुरकुरेल. बॉक्स नाही म्हणाला तर पेनड्राइव्हवर तुमच्या लग्नाची किंवा मुंजीची जुनी फिल्म घेऊन जा. तिच्यात काकूंचा चेहरा ओळखू आला, तर त्या टीव्हीच्या किमतीबद्दल बोलायला हरकत नाही.

(पुढच्या भागात : इतक्या पातळ टीव्हीतून संवाद नीट ऐकू का येत नाहीत?)