खेळापूर्वींची मेहनत

जानेवारी २०२५ मध्यें दिल्ली येथें खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली व तींत भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनीं अजिंक्यपद मिळविलें. त्यांचें नेतृत्व अनुक्रमें प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे या महाराष्ट्रीय खेळाडूंकडे होतें. ज्या खेळाचे नियम १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें प्रथम बांधून दिले, त्याचा हा गौरव पाहून कोणाही महाराष्ट्रीयास धन्यता वाटेल. घरांतील मुलगा किंवा मुलगी शाळेच्या संघांत निवडली गेली, तर वडील मंडळींनीं संतोष मानावा अशीच ही गोष्ट होय.

परंतु या संतोषाच्या पोटीं एक गैरसमज वाढतो, आणि त्याचा भार कोवळ्या गुडघ्यांवर पडतो. म्हणून त्याविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. खेळ हाच व्यायाम. तेव्हां जो अधिक खेळेल तो अधिक बळकट होईल, अशी पुष्कळ घरांची समजूत असते. वस्तुतः खेळ हा मुख्यतः शक्ति खर्च करितो आणि मेहनत ती सांठविते. ज्या घरांत जमेपेक्षां खर्च अधिक, त्या घराची जी गत होते तीच अशा खेळाडूच्या देहाची होते.

खो-खोचाच विचार करूं. आठ गडी चौकांत उकिडवे बसलेले असतात. पाठीवर थाप व कानीं ‘खो’ पडतांच त्याच स्थितींतून उसळून धांवावें लागतें. एकदां दिशा धरली कीं खांब गांठल्यावांचून मागें फिरतां येत नाहीं. खांबापाशीं कधीं सूर मारावा लागतो. पळणारा गडी मात्र हूल देतो, ओळींतून आरपार जातो, भर वेगांत एका पायावर थबकतो आणि वळतो. अशा प्रसंगीं देहाच्या वजनाच्या कित्येक पट जोर त्या एका पायावर येतो. मांडीची मागली बाजू, नितंब व पोटरी तो पेलण्यास समर्थ नसतील, तर गुडघ्याच्या व घोट्याच्या अस्थिबंधांस तो सोसावा लागतो. हें सामर्थ्य केवळ अधिक पळाल्यानें येत नाहीं.

आपल्या तालमींतील जोर-बैठका ही अशी मेहनतच होय, व तिचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. मात्र तींत आज पन्नास, पुढें शंभर, पुढें पांचशें अशी संख्या वाढविण्यावर भर असतो. संख्येनें दम व चिवटपणा वाढतो. झेपेला लागणारा जोर वाढविण्यास संख्या थोडी ठेवून भार वाढवावा लागतो. अमेरिकन लष्करांतील डॉक्टर डीलॉर्म यांनीं जखमी सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या मांड्यांवर हाच प्रयोग केला व १९४५ सालीं तो प्रसिद्ध केला. जो भार दहा वेळां जेमतेम उचलतां येईल तो घ्यावा, आणि तो सोपा होतांच किंचित् वाढवावा, हें त्याचें सार होय. क्रमवृद्धीचें हें तत्त्व आजही बलसंवर्धनाचा पाया मानलें जातें.

येथें कोणी म्हणेल कीं आपल्या शास्त्राचें सांगणें तर उलट आहे. वाग्भटानें बलवान् व स्निग्ध भोजन करणाऱ्या मनुष्यासही शीतकालीं आणि वसंतांत अर्ध्या शक्तीनेंच व्यायाम करावयास सांगितलें आहे, व इतर ऋतूंत त्याहूनही सौम्य. आम्हांस यांत विरोध दिसत नाहीं. आजचे शिक्षकही सांगतात कीं आणखी दोन-तीन वेळां करण्याची ताकद शिल्लक असतांनाच थांबावें. भार वाढवावा, पण देह रिकामा करूं नये, हेंच दोहोंचें तात्पर्य.

आतां प्रत्यक्ष काय करावें? आठवड्यांतून दोन किंवा तीन दिवस, लागोपाठ नव्हे, अर्धा-पाऊण तास पुरतो. सावकाश बैठका, एक पाय पुढें टाकून वांकणें, पोटरीसाठीं चवड्यांवर उठणें, आणि हातांस दोरीचा मल्लखांब. उंच पायरीवरून खालीं उडी घेऊन आवाज न करितां, गुडघे आंत न झुकवितां उतरण्याचाही अभ्यास असावा. मांडीच्या मागल्या बाजूसाठीं एक उत्तम व्यायाम आहे. गुडघे टेकून ताठ राहावें, सोबत्यानें घोटे दाबून धरावे, आणि कमरेंत न वांकतां हळूहळू पुढें झुकावें. तोल जातांच हातांवर उतरावें. डेन्मार्कमधील फुटबॉलपटूंच्या २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत या एका व्यायामानें त्या स्नायूच्या दुखापती निम्म्याहूनही कमी झाल्या. त्यास उपकरण लागत नाहीं, खर्च नाहीं. लागतो तो नियम.

भार उचलल्यानें मुलांची उंची खुंटते, अशी भीति वडील माणसें बोलून दाखवितात. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं, शुद्ध रीतीनें व बेताच्या भारानें केलेल्या मेहनतीनें असें होत नाहीं, हें आतां वैद्यकानें निश्चित केलें आहे. उलट जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं पांच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठीं रोज सरासरी साठ मिनिटें हालचाल, व त्यांत आठवड्यांतून तीन दिवस स्नायू आणि हाडें बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे.

मुलींविषयीं विशेष सांगावयाचें आहे. झटक्यानें वळतांना गुडघ्यांतील मुख्य अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींस मुलांपेक्षां अधिक असतो, आणि तो तुटून शस्त्रक्रिया झाली तर मैदानावर परतण्यास बहुधा नऊ महिने किंवा अधिक लागतात. म्हणजे मेहनतीची गरज जिला अधिक, तिलाच आपण ‘मुलीच्या जातीला हें कशाला’ म्हणून तींतून वगळतों. त्यांतच भोजनाच्या पंक्तीचा प्रश्न आहे. सायंकाळीं सरावाहून आलेली मुलगी सर्वांचें वाढून होईपर्यंत थांबते व उरलेलें खाते, असें कित्येक घरांत अद्याप चालतें. पन्नास किलो वजनाच्या खेळाडूस रोज साठ ते पंचाहत्तर ग्रॅम प्रथिनें हवींत. पावशेर दुधांत तीं सुमारें आठ ग्रॅम असतात. कच्च्या डाळीच्या शंभर ग्रॅमांत सुमारें बावीस. वरणाच्या एका पळीनें हा हिशेब जुळत नाहीं. उसळ, दूध, दही, दाणे ताटांत मुद्दाम वाढले पाहिजेत. अन्न कमी व श्रम अधिक झाल्यास मासिक धर्म अनियमित होतो किंवा थांबतो, व पुढें हाडें ठिसूळ होतात. ही सोय नव्हे, धोक्याची सूचना होय. अशा वेळीं वैद्यास दाखविण्यास विलंब करूं नये.

शेवटची गोष्ट विश्रांतीची. शरीर बळकट होतें तें श्रम करितांना नव्हे, श्रमानंतरच्या झोंपेंत व विसाव्यांत. सामन्यांचे दिवस आले कीं मेहनत थोडी कमी करावी, अजिबात सोडूं नये; आणि आठवड्यांतून एक दिवस खेळ व मेहनत दोन्हींस सुटी द्यावी. निवड झाल्याचा पेढा वांटणें सोपें आहे. त्या मुलाच्या झोंपेची वेळ पाळणें आणि त्या मुलीचें ताट वेळेवर वाढणें, हें रोजचें काम आहे; तें घरांतील वडील मंडळींनींच अंगावर घेतलें पाहिजे.