पेपरची पानं सरकारनं मोजली तेव्हा...

समजा, उद्या सरकारनं आदेश काढला की तुमच्या घरी येणाऱ्या पेपरनं या किमतीत इतकीच पानं छापायची. जास्त पानं द्यायचीत? मग किंमत वाढवा. पुरवण्या किती काढायच्या, तेही आम्हीच सांगणार. म्हणजे आत्ता तुमच्या हातात असलेलं हे पानसुद्धा कदाचित गुल! तुम्ही म्हणाल, असं कुठं असतं का? असतं नाही, झालंय. आणि तेही एका मराठी पेपरच्या बाबतीत.

एका पैशाची भानगड

केंद्र सरकारनं १९५६ मध्ये वृत्तपत्रांची किंमत आणि पानं ठरवणारा कायदा केला आणि १९६० मध्ये त्याखाली आदेश काढला. पुण्याचा ‘सकाळ’ तेव्हा सात नव्या पैशांना मिळायचा. रविवार सोडून आठवड्याला ३४ पानं द्यायचा. खप होता सुमारे ५२ हजार. नव्या आदेशानं सांगितलं की सात पैशांत २४ पानंच मिळतील. ३४ ठेवायची असतील तर किंमत आठ पैसे करा.

एका पैशानं काय बिघडतं? आपल्याला आज हसू येईल. पण किंमत वाढली की वाचक तुटतो, पानं कमी केली की बातम्या कापाव्या लागतात. इकडे आड, तिकडे विहीर. यात एकही बातमी थांबवलेली नव्हती, एकाही संपादकाला अटक नव्हती. उलट, मोठ्या पेपरांसमोर छोट्या पेपरांना टिकता यावं म्हणूनच हे करतोय, असं सरकारचं म्हणणं होतं. ऐकायला किती छान वाटतं!

‘सकाळ’ सुप्रीम कोर्टात गेला. २५ सप्टेंबर १९६१ ला निकाल लागला आणि तो कायदा आणि आदेश दोन्ही रद्द झाले. कोर्टाचं म्हणणं साधं होतं. अभिव्यक्ती स्वातंत्र्यात फक्त ‘काय लिहिलं’ एवढंच येत नाही, ते ‘किती लोकांपर्यंत पोचलं’ हेही येतं. त्यामुळे हेतू लोकहिताचा आहे असं सांगून खपावर घाला घालता येणार नाही. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर आपल्या वऱ्हाडाशी नातं असलेले. अमरावतीचे नामवंत वकील आणि १९१२ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष रघुनाथ मुधोळकर यांचे ते चिरंजीव.

वाचकही कोर्टात!

या केसमधली मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. पेपरच्या कंपनीसोबत ‘सकाळ’च्या दोन वाचकांनीही स्वतंत्र याचिका केल्या होत्या. पेपरची पानं कमी होणार म्हणून सामान्य वाचक थेट दिल्लीच्या कोर्टात! आपण मात्र पत्रकारितेचं स्वातंत्र्य म्हटलं की ‘ते पत्रकारांचं पत्रकार बघतील’ म्हणून मोकळे होतो.

दडपशाही उघड असते तेव्हा ती ओळखू येते. २६ जून १९७५ ला आणीबाणीची सेन्सॉरशिप लागली, तेव्हा छापण्याआधी मजकूर तपासून घ्यावा लागे. ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाचा मजकूर सेन्सॉरनं अडवला, तर संपादक मिनू मसानी मुंबई हायकोर्टात गेले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, जिंकले. सगळ्या पेपरांना एकाच दिशेनं हाकणं हे सेन्सॉरचं काम नाही, असं हायकोर्टानं सुनावलं.

पण दाब गोड बोलून, आकड्यांतून येतो तेव्हा?

मग वाशिमचं काय?

आता आपल्या जिल्ह्यात या. रिसोड, मालेगाव, मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी बातमी देणारा माणूस बहुतेक वेळा पगारी नसतो. त्याची कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, नेत्याचा वाढदिवस, शासकीय निविदा, सगळीकडे जाहिरात मागायला तोच जातो. आता विचार करा. ज्या कार्यालयातून सकाळी जाहिरात आणायची, त्याच कार्यालयाच्या अर्धवट रस्त्याची बातमी संध्याकाळी कशी लिहायची? कुणी धमकी द्यायची गरजच नाही. ‘बघा, पुढच्या वेळी जाहिरातीचं जमेल की नाही’ एवढं वाक्य पुरतं.

वाशिम हा केंद्राच्या ‘आकांक्षित जिल्ह्यां’च्या यादीतला. आरोग्य, शिक्षण, पाणी यांची प्रगती सरकार आकड्यांत मांडतं. पण तो आकडा आणि गावातली परिस्थिती जुळते का, हे पाहायला कुणीतरी तिथे जायला हवं ना? तोच माणूस गप्प बसला तर आपल्याकडे उरतो फक्त सरकारी आकडा.

वर, मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारनं माध्यमांतल्या बातम्यांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रासाठी १० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. दिशाभूल करणाऱ्या बातमीचा लगेच खुलासा करता यावा, हा त्यामागचा हेतू सांगितला गेला. चुकीच्या बातमीचा खुलासा करण्याचा सरकारला हक्क आहेच, आणि आमच्या धंद्यात चुकीच्या बातम्या येत नाहीत असंही नाही. पण कोणती बातमी दिशाभूल करते आणि कोणती फक्त अडचणीची, हे जिच्यावर टीका झाली तीच यंत्रणा ठरवणार का? सात पैशांच्या गोष्टीनंतर हा प्रश्न विचारायला नको?

आपण काय करू शकतो?

कोर्टात जायची गरज नाही. माहिती अधिकाराचा एक अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांची मर्यादा आणि एकच विषय. जिल्हा परिषदेला, नगर परिषदेला विचारा : गेल्या वर्षी कोणकोणत्या वृत्तपत्रांना किती रुपयांच्या जाहिराती दिल्या? मग ती यादी आणि त्या पेपरांतल्या वर्षभराच्या बातम्या शेजारी ठेवून वाचा. चार मित्र मिळून केलं तर दोन सुट्ट्यांचं काम आहे.

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं की आम्हालाही कळवा. आणि हो, यादीत आमचं नाव असेल तर आमच्याही बातम्या तशाच तपासा.