राखीव जागेपासून तिसऱ्या सत्राच्या गणितापर्यंत

महाराष्ट्रातील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत अनुसूचित जातींसाठी १३, जमातींसाठी ७, विमुक्त-भटक्यांच्या चार गटांसाठी मिळून ११ आणि ओबीसींसाठी १९ टक्के जागा राखीव असतात. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातल्या मुलांची गळती मात्र प्रवेशफेरीच्या बरीच आधी सुरू होते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला मुलगा दिवाळीनंतर वर्गात दिसत नाही. टिकला, तर पुढे कागदपत्रे असतात.

जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जुने दप्तर बरेचसे उर्दूत किंवा मोडीत. ज्या घराला जमीन होती, त्याचा पणजोबा महसुली नोंदीत सापडतो. पारध्याच्या पालाची नोंद कुठे सापडणार? सापडलीच तर पोलिसांच्या वहीत. त्याच निजामी राज्यातल्या बंजाऱ्यांना आज तेलंगणात अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, सीमेच्या अलीकडे विमुक्त जातीचा.

फीचा प्रश्न त्या मानाने हलका झाला आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास (एसईबीसी) घरांतील मुलींची शिक्षण व परीक्षा फी जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्ण माफ झाली. खोलीभाडे आणि मेसचा खर्च उरतोच. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून पैसे मिळतात, पण घरमालक दर महिन्याला भाडे मागतो आणि योजनेचा हप्ता त्याच्या तारखेला येईलच असे नाही.

खरी कसोटी पहिल्या वर्षाची. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलासमोर गणित, मेकॅनिक्स आणि ड्रॉइंग एकदमच इंग्रजीत येतात, आणि पहिल्याच सत्रात दोन-तीन विषय मागे राहतात. २०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) मराठीतून पदवीला परवानगी दिली. पण नोकरीची मुलाखत इंग्रजीत होणार हे पालकांना पक्के ठाऊक असते.

या भागातल्या मुलांना त्यातल्या त्यात सोयीची वाट पदविकेची आहे. दहावीनंतर धाराशिवचे शासकीय तंत्रनिकेतन, तीन वर्षे घराजवळ, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. यात एक खाच आहे. हे प्रवेश उशिरा होतात आणि पदवीच्या पहिल्या दोन सत्रांचे गणित न शिकताच तिसऱ्या सत्राचे गणित समोर येते. त्यासाठी सुरुवातीचे काही आठवडे संध्याकाळी जोडवर्ग घेणे महाविद्यालयाच्या हातात आहे. त्याला नव्या शासन निर्णयाची गरज नाही.