न पाहिलेल्या खेळाडूंची तुलना

निरनिराळ्या काळांत खेळलेल्या खेळाडूंपैकी श्रेष्ठ कोण, हा वाद विजय मर्चंट, सुनील गावस्कर आणि सचिन तेंडुलकर या तीन मुंबईकरांच्या नावांभोवती महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या रंगत आला आहे, आणि त्यात एकीकडे आकडेवारी व दुसरीकडे प्रत्यक्ष पाहिल्याची ग्वाही असे दोन पुरावे नेहमी एकमेकांसमोर उभे राहतात. कसोटी क्रिकेटमधील सरासरी, म्हणजे एकूण धावांना फलंदाज जितक्यांदा बाद झाला त्या संख्येने भागून येणारा आकडा, मर्चंट यांची ४७.७२, गावस्करांची ५१.१२ आणि तेंडुलकरांची ५३.७८ आहे. मात्र मर्चंट यांच्या वाट्याला १९३३ ते १९५१ या काळात महायुद्ध आणि प्रकृती यांमुळे अवघे १० कसोटी सामने आले आणि तेंडुलकर २०० खेळले, तेव्हा हे तीन आकडे एकाखाली एक मांडले म्हणून तुलना झाली असे म्हणता येत नाही.

मर्चंट यांचे खरे मोठेपण प्रथम श्रेणीच्या, म्हणजे कसोटींसह रणजी करंडकासारख्या वरच्या दर्जाच्या अनेक दिवसांच्या सामन्यांत दिसते. तेथे त्यांची सरासरी ७१.६४ असून दीर्घ कारकीर्द असलेल्या फलंदाजांत त्यांच्यापुढे ९५.१४ सरासरीचे डॉन ब्रॅडमन एवढेच आहेत. यावर रास्त शंका अशी घेतली जाते की, त्या काळच्या भारतीय खेळपट्ट्या फलंदाजांना फारच धार्जिण्या होत्या. शंकेला आधारही आहे, कारण १९४८-४९ च्या एकाच हंगामात पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या आणि पुढे मुंबई-महाराष्ट्र सामन्यात दोन्ही संघांनी मिळून २,३७६ धावा कुटल्या. अशा हंगामातील शतकाला इंग्लंडच्या ओलसर हवेतील शतकाइतके वजन देणे अन्यायाचे ठरेल. परंतु या शंकेचे उत्तरही आकड्यांतच सापडते : १९४६ च्या पावसाळी इंग्लिश उन्हाळ्यात, अनोळखी खेळपट्ट्यांवर, मर्चंट यांनी ७४.५३ च्या सरासरीने २,३८५ धावा केल्या. खेळाडूला दुसऱ्या काळातील खेळाडूशी भिडवण्याआधी त्याच्याच काळातील, त्याच परिस्थितीत खेळलेल्या सोबत्यांशी त्याची तुलना केली पाहिजे, हे संख्याशास्त्रातील साधे तत्त्व येथे उपयोगी पडते. ब्रॅडमन यांची ९९.९४ ही कसोटी सरासरी थक्क करते तीही याच कारणाने, कारण पुरेसे सामने खेळलेल्या अन्य कोणत्याही फलंदाजाला ती साठीच्या फारशी पुढे नेता आलेली नाही.

बास्केटबॉलमध्येही हीच अडचण येते. विल्ट चेंबरलेन यांनी अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेच्या १९६१-६२ च्या हंगामात सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण मिळवले, पण तेव्हा खेळ इतका वेगवान होता की एकेक संघच सामन्याला सरासरी ११८.८ गुण करत असे. उलट, टोपलीकडे निघालेला चेंडू हवेत अडवणे, ज्याला ब्लॉक म्हणतात, त्याची अधिकृत नोंद १९७३-७४ पासून सुरू झाली, आणि तोपर्यंत चेंबरलेन व त्यांचे प्रतिस्पर्धी बिल रसेल दोघेही निवृत्त झाले होते. ११ विजेतेपदे मिळवणाऱ्या रसेल यांचा ब्लॉक हाच सर्वांत मोठा गुण असल्याने कागदावर ते आहेत त्याहून लहान दिसतात. आकडा खोटे बोलत नाही हे खरे, पण ज्याची नोंद कोणी ठेवली नाही त्याबद्दल तो काहीच सांगू शकत नाही. पुण्यात घडलेले डावखुरे फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, तरी कसोटी विक्रमांच्या कोणत्याही यादीत त्यांचे नाव सापडणार नाही, कारण भारताचा पहिला कसोटी सामनाच १९३२ साली झाला. दलित असल्यामुळे चहासुद्धा ज्यांना वेगळ्या भांड्यातून दिला जात असे आणि गुणवत्ता असूनही धर्मवार संघांच्या तेव्हाच्या स्पर्धांत हिंदू संघाचे कर्णधारपद ज्यांना मिळाले नाही, त्यांच्या कामगिरीचे मोल केवळ सरासरीवरून ठरवणे हा इतिहासावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होईल.

प्रत्यक्ष पाहण्याचा पुरावा तपासताना एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पहूरसारख्या खानदेशातील गावांत दूरदर्शन संच येईपर्यंत कसोटी क्रिकेट पाहिले जात नव्हते, ऐकले जात होते. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी मराठीतून उभे केलेले चित्र हीच त्या पिढीची आठवण आहे, आणि समालोचकाची नजर व श्रोत्याची कल्पना यांची त्यात सरमिसळ झालेली असते. ही आठवण टाकाऊ मुळीच नाही, पण फटका कसा देखणा होता एवढेच ती सांगत असेल तर तुलनेला तिचा उपयोग नाही. चेंडू किती वळत होता, कोणत्या बाजूचा फलंदाज डगमगत होता, हे सांगत असेल तर ती मोलाची आहे.

गावस्करांचा १९८७ चा बंगळूरचा शेवटचा कसोटी डाव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. पाकिस्तानचे इक्बाल कासिम आणि तौसिफ अहमद यांचे चेंडू खेळपट्टीवरून अवचित उसळत आणि हातभर वळत होते, विजयासाठी २२१ धावा हव्या होत्या आणि भारत १६ धावांनी हरला. गावस्करांच्या त्या डावातील ९६ धावा त्यांच्या ३४ शतकांच्या यादीत बसत नाहीत, तरी ज्यांनी तो डाव पाहिला ते त्याला अनेक शतकांच्या वर ठेवतात. आणि संघाच्या २०४ धावांत अन्य कोणालाही ३० पर्यंत पोहोचता आले नाही, हा धावफलकावरील तपशील पाहणाऱ्यांचे म्हणणे उचलून धरतो.

तसाच दुसरा दाखला १९४३ मधील ब्रेबॉर्न स्टेडियमवरचा. धर्मवार संघांच्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हिंदू संघाच्या मर्चंट यांच्या नाबाद २५० धावांनंतर विजय हजारे यांनी फॉलोऑन मिळालेल्या, म्हणजे पहिल्या डावात फार मागे पडल्याने लगेच पुन्हा फलंदाजी करावी लागलेल्या, ‘शेष’ (उरलेल्या धर्मांच्या खेळाडूंच्या) संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या. त्यात त्यांचे बंधू विवेक यांच्यासोबतच्या भागीदारीत ३०० धावा जमल्या आणि विवेक यांच्या त्यातील धावा होत्या अवघ्या २१. फलंदाजीच्या सरासरीत हा २१ चा डाव एक किरकोळ डाव म्हणूनच मोजला जाईल. समोरचे टोक धरून ठेवल्याचे श्रेय द्यायचे असेल, तर भागीदारीची नोंद आणि तो सामना पाहिलेल्यांचे लेखन एकत्र ठेवूनच वाचावे लागते.