फवारणीच्या विषबाधेत ‘अ‍ॅट्रोपिन’ जीव कसा वाचवते?

परभणी जिल्ह्यात कापूस, सोयाबीनवर फवारणी सुरू झाली की विषबाधेचा धोका वाढतो. प्रोफेनोफॉससारखी ऑर्गेनोफॉस्फेट कीटकनाशके शरीरात गेली, की नसांचे संदेश वेळेवर थांबवणारे विकर निकामी होते. लाळ, घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, फुप्फुसांत स्राव साचून श्वास कोंडतो.

उपाय काय?
अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन. बेलाडोना, धोतऱ्यात आढळणारे हे अल्कलॉइड स्राव आटवते, मंदावलेले ठोके वाढवते. छाती मोकळी होईपर्यंत डॉक्टर डोस वाढवतात.

मग घरीच धोतरा द्यावा का?
मुळीच नाही. त्यातील अल्कलॉइडचे प्रमाण झाडागणिक बदलते. बियाही जिवावर बेततात. भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा.